पेन्सिलीनेच लिहायचं

एल्गिनच्या दफ्तरखान्यात शाई चालत नाही.
देवळाबाहेर चपला काढाव्यात
तसं पेन दारातच ठेवायचं,
मग हातात येते बोटभर पेन्सिल.

इसोबेल म्हणाली, माझा पणजोबा शोधून दे.
तू चिकट आहेस, तुला सापडेल.
ती माझी सासू. मी तिला नावाने हाक मारते
हे आईला अजून सांगितलेलं नाही.

पोर्टनॉकीत निम्मं गाव मेअर.
एकटे जेम्स मेअरच अकरा.
म्हणून कोळ्यांनी टोपणनावं पाडली
आणि पाद्र्याने ती गंभीरपणे नोंदवली:
जेम्स मेअर बगळा. जेम्स मेअर डांबर.
मिरजेत आमच्या बोळात चार सुधाकर होते,
दमेकरी सुधाकर धरून. मला अवघड गेलं नाही.

तीन हिवाळे मी या अकरांच्या मागे.
बगळा लेर्विकजवळ बुडाला.
डांबर कॅनडाला गेला, पत्र नाही.
एकाने दोन लग्नं केली,
एक नुसताच म्हातारा झाला.
कुणाच्याच चुलीपाशी जॉर्ज नावाचं ते पोर नाही.

मग चर्चच्या पंचांची वही उघडली.
अक्षर इतकं तिरकं,
जसं वाऱ्यात उभं राहून लिहिलेलं.
फेब्रुवारी १८७१. एल्स्पेट मेअर, वय वीस,
हेरिंग साफ करते, लग्न नाही, मुलगा आहे.
विचारलं, बाप कोण?
सांगत नाही.
पुढच्या रविवारी विचारलं. सांगत नाही.
तिसऱ्या रविवारी कारकून कंटाळला असावा.
एकच शब्द आहे: पूर्ववत.

म्हणजे मेअर बापाचं नव्हतंच.
आम्ही पुरुषांच्या रांगा मोजत बसलो
आणि ती धक्क्यावर उभी होती,
मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधून,
एका झटक्यात मासा उघडत, पुढचा उचलत.

इसोबेलने चहा बराच वेळ ढवळला.
ती साखर घेत नाही.
"असेल कुणी नालायक. पण नाव हवं ना. आणखी बघ."
आणि मग, कपाकडेच बघत,
"तीन रविवार! मला एक गुपित जेवणापर्यंत टिकत नाही."

शनिवारी तिला दफनभूमीत घेऊन गेले, गुडघे सांभाळत.
एल्स्पेटचा दगड नाही. बाकीच्यांचे आहेत.
इथे बायका माहेरच्या नावाने निजतात,
वुड, पिरी, स्लेटर,
नवरा शेजारी, बिऱ्हाडकरूसारखा.
"तुझ्या पणजीचं नाव काय?" इसोबेलने विचारलं.
राधाबाई, मी पटकन म्हणाले.
आणि थांबले.

ते तर ताटातल्या तांदळांत लिहिलेलं,
अंगठीने, लग्नाच्या दिवशी.
त्याआधी आठ-नऊ वर्षं
तिला कुणीतरी काहीतरी हाक मारत असेलच,
अंगणातून, जेवायला चल म्हणून.
त्र्यंबकच्या उपाध्यांच्या चोपडीत आमच्या सात पिढ्या आहेत.
बापाला बाप जोडलेला, अगदी नीट.
तांदूळ कुणी आवरले ते त्यात नाही.

मिरजेला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा.
"आत्ता कशाला हवंय तुला ते?" आत्या म्हणाली.
मग नुसता पंख्याचा आवाज.
"द वरून होतं बघ काहीतरी.
दुर्गी... नाही. दुर्गी तिची बहीण.
द वरूनच, पण.
तुमच्याकडे उजेड आहे का गं अजून?"

होता. समुद्रावर, राखाडी, न संपणारा.
कोटाच्या खिशात पेन्सिल निघाली,
परत करायची राहिलेली.
पार्किंगच्या पावतीमागे लिहिलं: द
आणि पुढे थोडी जागा सोडली.